गाणें सुचवावें कोणीं?

‘हें जरा ऐकून पाहा,’ असें एका माणसानें दुसऱ्यास सांगणें ही वरवर पाहतां अगदीं क्षुल्लक गोष्ट आहे. तिच्यावर मासिकाचीं चार पानें खर्चीं घालावींत एवढें तींत काय आहे, असें कित्येक वाचकांस वाटेल. परंतु ज्या गोष्टी क्षुल्लक म्हणून कोणी लक्षांत घेत नाहीं त्याच हळूहळू हातच्या जातात, आणि गेल्यावर त्यांची किंमत कळते, हा अनुभव आपल्या समाजाला नवा नाहीं. गेल्या दहा-पंधरा वर्षांत गाणें सुचविण्याचें काम माणसांनीं बव्हंशीं सोडून दिलें आहे आणि तें यंत्रानें उचललें आहे. सोमवारीं फोन उघडावा तों ‘खास आपल्यासाठीं’ म्हणून तीस गाण्यांची यादी वाढून ठेवलेली! डिसेंबर लागला कीं तोच फोन आपल्या धन्याला सांगतो कीं, यंदा आपण इतकीं हजार मिनिटें गाणीं ऐकलींत आणि अमुक बँड आपला सर्वांत लाडका ठरला. आणि धनीहि तें प्रशस्तिपत्र चारचौघांत मिरवतो. या दोन्ही चालींविरुद्ध आम्हांला आज बोलावयाचें आहे. आमचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, गाणें सुचविणें हें एका माणसानें दुसऱ्याविषयीं पत्करलेलें दायित्व आहे. तें यंत्राच्या गळ्यांत बांधून आपण मोकळे झालों, यांत सोय पुष्कळ झाली असेल. परंतु रसिकतेची हानि झाली आहे, आणि ती घरोघर चालूं आहे.

हें सिद्ध करण्यासाठीं आम्ही उदाहरण घेतों तें रॉक, आणि त्यांतहि पंक, या संगीताचें. हें वाचून, ज्यांचे कान ख्यालाच्या बैठकींत किंवा नाट्यपदांवर तयार झाले आहेत अशा वाचकांच्या कपाळाला आठी पडेल हें आम्ही जाणतों. ‘गोंगाट!’ एवढ्या एका शब्दांत पुष्कळ घरांतून या संगीताचा निकाल लागतो. तो निकाल फिरवावा असा आमचा आग्रह नाहीं. ज्याला तें रुचत नाहीं त्यानें तें खुशाल न ऐकावें. आमचा प्रश्न, तें संगीत एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत गेलें कसें, हा आहे. आणि या दृष्टीनें पाहतां पंकाइतकें बोधप्रद उदाहरण मिळणें कठीण. आरंभीं त्याला नभोवाणीचा आश्रय नव्हता, भांडवल नव्हतें, आणि वृत्तपत्रांतून वांट्याला यावयाच्या त्या बहुधा शिव्याच. असें असतां तें दोन-तीन वर्षांत एका शहरांतून दुसऱ्या शहरांत आणि एका देशांतून दुसऱ्या देशांत पोंचलें, तें मुख्यतः वर सांगितलेल्या चार शब्दांच्या बळावर.

इतिहास थोडक्यांत असा. न्यूयॉर्कच्या बावरी भागांत १९७३ च्या अखेरीस ‘सीबीजीबी’ नांवाचें एक साधें मद्यगृह निघालें. तेथें जे नवे बँड वाजवूं लागले त्यांतला ‘रामोन्स’ हा एक. त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका १९७६ सालीं निघाली. तींत चौदा गाणीं असून सगळीं मिळून अर्ध्या तासाच्या आंत संपतात. त्याच वर्षाच्या फेब्रुवारींत लंडनच्या एका संगीत साप्ताहिकांत ‘सेक्स पिस्टल्स’ या अद्याप कोणाला माहीत नसलेल्या बँडच्या कार्यक्रमाचा वृत्तांत छापून आला. तो बोल्टन येथील हॉवर्ड डिव्होटो आणि पीट शेली या दोन विद्यार्थ्यांच्या वाचनांत आला. वाचून ते स्वस्थ बसले नाहींत. ते दक्षिणेस गेले, त्यांनीं तो बँड प्रत्यक्ष ऐकला, आणि लगेच त्याला मँचेस्टरला येण्याचें निमंत्रण दिलें. ४ जून १९७६ रोजीं तेथील लेसर फ्री ट्रेड हॉलमध्यें कार्यक्रम झाला, तेव्हां श्रोते मोजके होते. २० जुलैला तो पुन्हा झाला. त्या दोन कार्यक्रमांना जे तरुण हजर होते त्यांच्यांतूनच पुढें ‘जॉय डिव्हिजन’, ‘द फॉल’ आणि ‘द स्मिथ्स’ हे बँड उभे राहिले. डिव्होटो आणि शेली यांच्या ‘बझकॉक्स’ या बँडनें उसनवारीनें जमविलेल्या सुमारें पांचशे पौंडांत आपली पहिली ध्वनिमुद्रिका स्वतःच काढली. जानेवारी १९७७ मध्यें निघालेल्या तिच्या पहिल्या आवृत्तीच्या प्रती एक हजार. हा एक हजाराचा आंकडा वाचकांनीं लक्षांत ठेवावा. पुढें त्याचें काम आहे.

या साखळीकडे नीट पाहावें. एकानें ऐकलें व लिहिलें. दोघांनीं वाचलें आणि ते उठून गेले. त्या दोघांनीं पदरमोड करून चाळीस-पन्नासांना ऐकविलें. प्रत्येक कडीला माणूस आहे, आणि प्रत्येक माणसानें कांहीं तरी पणाला लावलें आहे. तीच गोष्ट त्या काळांतल्या ‘फॅनझिन’ नामक चोपड्यांची. मार्क पेरी हा लंडनमधील एक बँक-कारकून. त्यानें जुलै १९७६ मध्यें ‘स्निफिन् ग्लू’ नांवाचें एक पत्रक काढलें. मथळे हातानें लिहिलेले, मजकूर टंकलिखित, प्रती यंत्रावर काढून कोपऱ्यांत टांचलेल्या, आणि शुद्धलेखनाचा आनंदीआनंद! परंतु त्यांत कोणता बँड चांगला आणि कोणता ढोंगी हें एक माणूस स्वतःच्या नांवानें सांगत होता. आणि आम्ही लिहितों तेवढ्यावरच संतुष्ट राहूं नका, तुम्हींहि आपापलीं पत्रकें काढा, असें वाचकांना बजावीत होता. सल्ला देणाऱ्यानें आपल्या सल्ल्यापासून वाचकाला मोकळें करूं पाहावें, याहून अधिक सचोटी ती कोणती?

नभोवाणीचेंहि एक उदाहरण देणें प्राप्त आहे. बी. बी. सी.ने १९७७ सालीं ‘सेक्स पिस्टल्स’चें एक गाणें लावण्याचें नाकारलें, परंतु त्याच संस्थेंत जॉन पील हा निवेदक रात्रीच्या वेळीं आपल्या पसंतीच्या तबकड्या लावीत असे. १९७८ च्या सप्टेंबरांत त्यानें उत्तर आयर्लंडमधील डेरी गांवच्या ‘द अंडरटोन्स’ या बँडचें ‘टीनेज किक्स’ हें गाणें लावलें आणि तें संपतांच लगोलग तेंच पुन्हा लावलें. ती ध्वनिमुद्रिका बेलफास्टच्या एका लहानशा दुकानदारानें काढलेली होती. नभोवाणीवर एक गाणें लागोपाठ दोनदां लावणें हें सर्व शिरस्त्याविरुद्ध. पण त्या एका कृतींत पीलनें आपली सारी पत त्या अडीच मिनिटांच्या गाण्यावर ठेवली. थोड्याच दिवसांत अमेरिकेच्या सायर कंपनीनें त्या मुलांशीं करार केला. पील २००४ सालीं वारला. तोंपर्यंत त्यानें सुचविलेलें सारेंच काय टिकलें? मुळींच नाहीं. त्याच्या पुष्कळ आवडी आज कोणाला स्मरत नाहींत. परंतु पील म्हणाला म्हणून ऐकलें आणि तें आवडलें नाहीं, तर रागावावयाला पील नांवाचा माणूस होता, हें महत्त्वाचें आहे.

यावरून खऱ्या शिफारशीचीं तीन लक्षणें आम्ही काढतों. पहिलें, सुचविणाऱ्याला नांव असतें. दुसरें, त्याला चुकण्याची किंमत द्यावी लागते. दोन-तीनदां वाईट गाणें सुचविणाऱ्याचा शब्द पुढें कोणी मानीत नाहीं. तिसरें, त्याच्याशीं भांडतां येतें. तुला हें आवडलें तरी कां, असें विचारतां येतें, आणि त्याला उत्तर द्यावें लागतें. या तीन लक्षणांपैकीं आजच्या यंत्राच्या ठायीं एक तरी आहे काय?

या यंत्राची करणी कांहीं गूढ नाहीं. लक्षावधि लोकांनीं आपापल्या सोयीनें केलेल्या याद्या तें तपासतें. जीं दोन गाणीं पुष्कळ याद्यांतून एकत्र आढळतात तीं एकमेकांचीं सोयरीं आहेत असें धरतें, आणि तुम्हीं एक ऐकलें असल्यास दुसरें पुढें करतें. शिवाय गाण्याचा वेग, जोर, वाद्यांचा पोत यांचेंहि माप तें घेतें. म्हणजे यंत्राला जें कांहीं कळतें तें माणसांनीं आधीं करून ठेवलेल्या निवडीवरून. हें उसनें शहाणपण आहे. उसनें असल्याबद्दल आमची तक्रार नाहीं. परंतु ज्याच्याकडून उसनें घ्यावयाचें त्यानेंच निवड करणें सोडलें आणि यंत्र देईल तें ऐकूं लागला, तर पुढें यंत्रानें उसनें घ्यावें कोणाकडून? विहिरीचें पाणी विहिरींतच ओतीत राहिल्यानें झरा वाहता राहत नाहीं.

आतां यंत्राच्या निःपक्षपाताविषयीं. माणसाला राग-लोभ असतात, यंत्राला ते नसतात, म्हणून यंत्राचा सल्ला निर्मळ, असें एक मत आहे. हें मत बाळगणाऱ्यांनीं दोन गोष्टी पाहाव्या. स्पॉटिफाय कंपनीनें २०२० सालीं एक योजना जाहीर केली: कलावंतानें किंवा त्याच्या मालक-कंपनीनें एखाद्या गाण्यावर कमी मोबदला पत्करला, तर तें गाणें कांहीं यंत्ररचित याद्यांतून श्रोत्यापुढें येण्याची शक्यता वाढविली जाईल. लग्न जमविणारा मध्यस्थ वरपक्षाकडून गुपचुप सूट घेतो हें कळल्यावर त्यानें आणलेल्या स्थळावर कोणता वधूपिता डोळे मिटून विश्वास ठेवील? दुसरी गोष्ट, त्याच कंपनीनें २०२४ पासून असा नियम लागू केला कीं, मागील बारा महिन्यांत ज्या गाण्याचें श्रवण एक हजाराहून कमी वेळां झालें त्याला मोबदल्याची दमडीहि मिळावयाची नाहीं. विकलेली तबकडी आणि फोनवरचें एक श्रवण हीं सारखीं नव्हेत, हें आम्ही विसरलों नाहीं. तरी सुद्धां ज्या एक हजार प्रतींनीं मँचेस्टरमधील एका पिढीला स्वतःचें गाणें स्वतः काढण्याचें धैर्य दिलें, तो एक हजार हा आंकडा आज आरंभाचें चिन्ह न राहतां फाटकावरचा अडसर झाला आहे, हें ध्यानांत घेण्यासारखें आहे. लहानांना शोधून काढणें हें शिफारशीचें पहिलें काम. आणि येथें लहान असणें हाच दोष ठरला.

आमच्या विरुद्ध पक्षाचें सर्वांत बळकट म्हणणें असें कीं, यंत्रानें दारें उघडलीं. पूर्वीं विलायती तबकडी मिळणें हें मुंबईच्या दहा-वीस घरांचें भाग्य होतें. आज लातूरची किंवा सावंतवाडीची मुलगी जें लंडनचा मुलगा ऐकतो तेंच त्याच क्षणीं ऐकूं शकते. हें शंभर टक्के खरें आहे, आणि तें आम्ही आनंदानें मान्य करतों. काळा घोडा येथील ऱ्हिदम हाऊस या दुकानांत विकत घेण्यापूर्वीं ऐकून पाहण्याची सोय असे. परंतु तेथपर्यंत जाण्याचें भाडें, आणि आंत शिरण्याचें धाडस, किती जणांजवळ होतें? तें दुकान २०१६ सालीं बंद झालें म्हणून गळा काढणाऱ्यांत आम्ही नाहीं. १९८६ पासून मुंबईंत भरूं लागलेल्या ‘इंडिपेन्डन्स रॉक’ या मेळाव्यानें पुढें वर्षानुवर्षें धोबी तलावाच्या रंगभवनांत तरुणांची गर्दी जमविली. परंतु त्या गर्दींत आपल्या जिल्ह्याच्या ठिकाणांहून आलेले असे कितीसे असणार? तेव्हां सुलभता हें वरदानच आहे. आमचा मुद्दा एवढाच कीं, सुलभता आणि शिफारस या दोन वेगळ्या वस्तु आहेत. ग्रंथालयांत एक लाख पुस्तकें आलीं म्हणून, ‘हें आधीं वाच, तें मग वाच’ असें सांगणाऱ्या ग्रंथपालाची गरज संपत नाहीं; उलट ती वाढते. आपण मात्र पुस्तकें वाढलेलीं पाहून ग्रंथपालाला रजा दिली आणि त्याच्या खुर्चीवर एक तराजू आणून ठेवला.

दुसरें म्हणणें असें कीं, यंत्राचा अंदाज पुष्कळदां बरोबर येतो; आवडेल म्हणून दिलेलें गाणें खरोखरच आवडतें. आवडतें, हें आम्हांलाहि कबूल आहे. परंतु जें आहे त्याच्याशीं जुळणारें तेवढेंच देत राहणें हा रसिकतेचा गुण कीं व्याधि? येथें पुन्हा पंकाचाच दाखला घेऊं. १९७७ च्या आरंभीं लंडनच्या ‘रॉक्सी’ या क्लबमध्यें तबकड्या लावण्याचें काम डॉन लेट्स या तरुणाकडे होतें. त्याचे आईबाप जमैकाचे, तो वाढला लंडनमध्यें. पंकाच्या तबकड्या तोंवर फारशा निघालेल्याच नव्हत्या. म्हणून दोन बँडांच्या मधल्या वेळांत तो आपल्या घरचें, म्हणजे जमैकाचें रेगे संगीत लावूं लागला. एकाचा वेग घोड्याचा तर दुसऱ्याची चाल हत्तीची. मोजपट्टी लावली असती तर हीं दोन संगीतें एकमेकांच्या जवळपासहि आलीं नसतीं. पण समोरच्या गोऱ्या मुलांनीं तें ऐकलें, आणि त्यांतल्या कित्येकांना त्यांत आपल्याच असंतोषाचा दुसरा सूर सांपडला. ‘द क्लॅश’ या बँडनें त्याच वर्षीं निघालेल्या आपल्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेंत ज्युनियर मर्व्हिन या जमैकन गायकाचें गाणें आपल्या ढंगानें गायिलें.

ही गोष्ट केवळ करमणुकीची नव्हती. १९७६ च्या ऑगस्टांत एरिक क्लॅप्टन या विख्यात रॉक वादकानें बर्मिंगहॅमच्या व्यासपीठावरून, परदेशांतून आलेल्या लोकांविरुद्ध विषारी भाषण केलें होतें. त्याच्या निषेधांतून ‘रॉक अगेन्स्ट रेसिझम’ ही चळवळ निघाली, आणि ३० एप्रिल १९७८ रोजीं लंडनच्या व्हिक्टोरिया पार्कमध्यें हजारों लोकांपुढें ‘द क्लॅश’ आणि ‘स्टील पल्स’ हा रेगे बँड एकाच व्यासपीठावर वाजले. ती चळवळ एकट्या लेट्सच्या तबकड्यांनीं उभी केली असें म्हणणें वेडेपणाचें होईल. तिला राजकारण होतें, संघटना होती, रस्त्यांवरच्या मारामाऱ्याहि होत्या. पण ज्या मुलांनीं एकमेकांचें संगीत आधीं ऐकलेलें होतें त्यांना एका व्यासपीठासमोर उभें राहणें सोपें गेलें असेल, एवढें म्हणावयाला अतिशयोक्तीचा आधार लागत नाहीं. आज कोणतेंहि यंत्र पंकाशेजारीं रेगे ठेवील, कारण १९७७ सालीं एका माणसानें तें प्रथम ठेवलें. तें प्रथम ठेवणें मात्र यंत्राच्या हिशेबांत बसलें नसतें. जें जुळत नाहीं तें पुढें करून ‘तरीहि ऐक’ म्हणण्याची छाती माणसालाच असते.

आतां दुसऱ्या चालीकडे, म्हणजे ऐकण्याच्या हिशेबाकडे वळूं. आपण काय ऐकतों याची नोंद ठेवणें वाईट, असें आम्ही म्हणत नाहीं. कॅसेटच्या काळांत मित्रासाठीं नव्वद मिनिटांची कॅसेट भरून देण्याची रीत होती. साध्या यंत्रावर नव्वद मिनिटें भरावयाचीं तर नव्वद मिनिटें बसावें लागे. कोणतें गाणें कोणत्या पाठीवर, कशानंतर काय, याचा विचार करावा लागे. आणि शेवटीं आंतल्या कागदावर बारीक अक्षरांत नांवें लिहावीं लागत. देणाऱ्यानें आपला दीड तास अगोदर दिलेला आहे हें घेणाऱ्याला ठाऊक असे, आणि म्हणून तो निदान एकदां तरी नीट ऐके. इंग्लंडमधील ध्वनिमुद्रिका-व्यापाऱ्यांनीं १९८१ सालीं अशा घरगुती कॅसेटांविरुद्ध कवटी-हाडांचें चित्र छापून मोहीम उघडली. तेव्हां ‘डेड केनेडीज’ या अमेरिकन पंक बँडनें आपल्या कॅसेटची एक बाजू मुद्दाम कोरी सोडली आणि तुम्हींच हातभार लावा असें त्यावर छापून व्यापाऱ्यांची थट्टा केली. श्रोत्याला गिऱ्हाईक न मानतां साथीदार मानणें याचा अर्थ हा.

याच्या शेजारीं आजचा वर्षअखेरचा ताळेबंद ठेवून पाहावा. बावन्न हजार मिनिटें! अमुक बँड ऐकणाऱ्यांत शेंकडा एकांत माझा क्रम! जपमाळेचे मणी मोजून भक्तीची प्रतवारी लावावी तसला हा प्रकार. मिनिटें कशांत गेलीं हें आंकडा सांगत नाहीं. स्वयंपाकघरांत कुकरच्या शिट्यांमागें वाजत राहिलेलें गाणें आणि रात्रीं दिवा मालवून ऐकलेलें गाणें, दोन्ही त्याच्या वहींत सारखींच. कोणत्या गाण्यानें आपणांस चार दिवस अस्वस्थ केलें, कोणतें आरंभीं आवडलें नाहीं आणि मग सोडवेना, कोणतें आतां ऐकवत नाहीं कारण तें ज्याच्याबरोबर ऐकलें तो राहिला नाहीं, यांपैकीं एकहि प्रश्न त्यांत नाहीं. मौज अशी कीं, हा ताळेबंद मांडणाऱ्या कंपनीची ही फुकटची जाहिरात आहे, आणि ती आपण हौसेनें करून देतों. जो आपलें ऐकणें मोजून घेतो तो सांवकार, आणि जो आपलें ऐकणें विचारतो तो मित्र, हा भेद आपण विसरलों आहों.

येथवर वाचून आमचे कांहीं जाणते स्नेही मान डोलावतील, कीं यंत्र गेलें आणि आम्हां जाणकारांचें राज्य पुन्हा आलें! त्यांनाहि दोन शब्द सांगणें भाग आहे. यंत्राचें फावलें त्याला यंत्राइतकेच हे जाणकार कारण आहेत. एखाद्या नवख्या मुलानें विचारावें कीं, पंक कोठून ऐकूं लागूं, तों यांनीं एका दमांत पंचवीस बँडांचीं नांवें त्याच्या अंगावर फेकावींत. वर ‘तुला हा बँड ठाऊक नाहीं?’ म्हणून भुंवई उडवावी. आणि जो बँड चार लोकांना आवडूं लागला तो आतां बाटला म्हणून आपल्या यादींतून काढून टाकावा! ही शिफारस नव्हे, ही जातपंचायत आहे. जुन्या दुकानांतून आणि पत्रकांतून या वृत्तीची माणसें पुष्कळ होतीं, आणि गल्ल्यापलीकडच्या तुच्छतेनें किती जण, विशेषतः मुली, पायरीवरूनच परतल्या असतील त्याची मोजदाद कोणीं ठेवलेली नाहीं. यंत्र निदान भुंवई उडवीत नाहीं. तेव्हां मनुष्यांनीं हें काम परत घ्यावयाचें तर त्यांनीं आधीं सौजन्य शिकलें पाहिजे. वीस नांवें सांगणारा स्वतःची विद्वत्ता सांगतो. एक नांव सांगणारा समोरच्याचा विचार करतो.

शेवटीं घरांतली गोष्ट. १९५२ पासून रेडिओ सिलोनवर लागणारी ‘बिनाका गीतमाला’ ऐकावयाला घरांतलीं सारीं माणसें एका रेडिओभोंवतीं बसत, हें ज्येष्ठ वाचकांना स्मरत असेल. त्या काळाला सुवर्णयुग ठरविण्याची आमची इच्छा नाहीं; एका रेडिओवरून जीं भांडणें होत त्यांत वडिलांच्या मनासारखेंच बहुधा होई. परंतु मुलाला काय आवडतें हें बापाला निदान माहीत असे. नावडलें तरी कानीं पडे. आज एका दिवाणखान्यांत चौघें बसतात, आठ कानांत आठ बोंडें असतात, आणि चौघांचे चार मुलुख. मुलगी वर्षभर काय ऐकते आहे हें आईला ठाऊक नसतें, पण सातासमुद्रांपलीकडच्या कंपनीला मिनिटामिनिटाचें ठाऊक असतें. आपल्या माणसांविषयींचें हें अज्ञान आपण सोय म्हणून स्वीकारलें आहे. याचा खेद कोणाला वाटत नाहीं काय?

म्हणून आमची सूचना अशी. प्रत्येकानें वर्षांतून बारा गाणीं, महिन्याला एक, अशा माणसाला सुचवावींत कीं ज्याला आपण ओळखतों. एका वेळीं एकच सुचवावें. कां सुचवितों तें एका वाक्यांत सांगावें, आणि त्यांत कोठें खटकण्याचा संभव आहे तेंहि लपवूं नये. आठ दिवसांनीं विचारावें. समोरचा ‘नाहीं आवडलें’ म्हणाला तर वाद घालावा, पण मान्य करावें. आणि दुसऱ्यानें सुचविलेलें एक गाणें, मधेंच न थांबवितां, शेवटपर्यंत ऐकावें. ज्या आईबापांना मुलांचें संगीत गोंगाट वाटतें त्यांनीं आपणहून म्हणावें, ‘तुझ्या आवडीचें एक लाव पाहूं.’ ‘रामोन्स’चें गाणें असलें तर भिण्याचें कारण नाहीं; तें बहुधा दोन-अडीच मिनिटांत संपतें. तेवढ्या वेळांत आवडेल असें आम्ही म्हणत नाहीं. पण तें संपल्यावर मुलगी कांहीं तरी सांगूं लागेल, आणि कदाचित् विचारील कीं, ‘आतां तुमचें लावा.’ त्या वेळीं काय लावावें याची तयारी मात्र आपली आपण करून ठेवली पाहिजे. तें काम यंत्रावर टाकूं नये.